चारशे सतरा नंबरचं कार्ड

"हरवलं नाही बाई, बाहेर गेलं आहे," शालिग्राम म्हणाला.

"बाहीर म्हंजे कुठी? इंजिन तं माह्या हिरीवरच हाये."

"इंजिन नव्हे. इंजिनाचं कार्ड."

झुंबरबाईंनी कमरेला खोचलेली चिंधी सोडली. आतलं काळं पडलेलं, डिझेल फवारणारं नोझल काढलं आणि शालिग्रामच्या टेबलावर, शाईच्या दौतीला लागून ठेवलं. "कार्डाले का करू म्या? बिघडलं हे. मागच्या बारीले कडूबा मिस्त्री आला, यानं नवं बसोलं, घंटाभरात पाणी चालू. मिस्त्री द्या, अन् हे एवढुसं द्या. कार्ड आलं का वाचत बसा मंग आरामानं."

बाकावर नंबर लावून बसलेले दोघे शेतकरी हसले. शालिग्राम हसला नाही. त्यानं नोझल दौतीपासून चार बोटं दूर सारलं आणि टेबलावरचा डाग पुसला. घरी बायकोशी तो चांगला अस्सल वऱ्हाडीत भांडत असे; पण कार्डांच्या पेटीशी बसला की त्याच्या तोंडून परिपत्रकच निघे.

"नियम असा आहे, की कार्ड असल्याशिवाय मिस्त्री पाठवता येत नाही आणि भांडारातून सामान निघत नाही. कार्ड मॅनेजर साहेबांकडे आहे. साहेब पुण्याला गेले आहेत."

"कधी येईन?"

"अजून बारा दिवस."

झुंबरबाईंनी नोझल उचलून परत चिंधीत बांधलं. चाळिशी उलटलेली, उन्हानं रापलेली बाई. उंद्रीला दीड एकर वांगं एकटीच्या जिवावर उभं करणारी. दोन वर्षांमागं मोटेचे बैल विकून तिनं हे इंजिन घेतलं होतं.

"दादा, चैत सरून राह्यला," त्या हळूच म्हणाल्या. "वांगं फुलावर हाये. जमीन माही बरड, तीन दिसाच्या वर वल धरत नाई. बारा दिस म्हंता तुमी?"

शालिग्रामनं पेटी पुढं ओढली आणि तिला दाखवली. चारशे सोळाच्या मागे आणि चारशे अठराच्या पुढे एक लाल पट्टी उभी होती. पट्टीवर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मॅनेजर साहेब, पुणे.'

बाईला वाचता येत नव्हतं. पण लाल रंग कळायला शाळा लागत नाही.

*

पैनगंगा सहकारी संघाच्या चिखलीच्या कचेरीत कार्डं आली त्याला तेव्हा, म्हणजे एकोणसत्तरच्या एप्रिलात, दीड वर्ष झालं होतं. त्याआधी प्रत्येक टेबलाचं आपापलं रजिस्टर असे. संघानं विकलेलं एकच इंजिन विक्रीच्या रजिस्टरात नवंकोरं असे, दुरुस्तीच्या रजिस्टरात पडून असे आणि भांडाराच्या रजिस्टरात ते कधी जन्मालाच आलेलं नसे. एकदा देऊळगाव राजाच्या एका मळ्यावर दोन मिस्त्री दोन रस्त्यांनी एकाच दिवशी पोचले आणि तिथं एकमेकांना रामराम घालून, जेवून परत आले. ज्याचं इंजिन खरोखर बंद होतं तो लोणारला वाटच पाहत बसला.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी मुंबईला कसलंसं शिक्षण घेतलं होतं. म्हणाले, एक इंजिन, एक कार्ड. विक्री, भांडार, दुरुस्ती, पत्रव्यवहार, चारही टेबलांनी त्या एकाच कार्डावर लिहायचं. कार्ड ज्याला हवं त्यानं काढून न्यायचं आणि त्या जागी आपल्या नावाची लाल पट्टी ठेवायची. म्हणजे कार्ड कोणाच्या हातात आहे ते सगळ्या कचेरीला एका नजरेत दिसतं.

साहेबांच्या परिपत्रकात नियम सहा होते. सातवा शालिग्रामनं सुचवला. लाल पट्टी असेपर्यंत त्या इंजिनाला कोणी हात लावू नये आणि दुसरं कार्ड कोणी करू नये. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि कार्डांची पेटी त्याच्या हवाली केली. वीस वर्षांच्या नोकरीत पाठ थोपटली जाण्याची ती पहिलीच खेप. त्यानंतर शालिग्राम थोडा ताठ बसू लागला. रोज संध्याकाळी तो कार्डं आणि पट्ट्या मिळून सहाशे बारा भरतात का ते मोजी आणि मगच टोपी घाली. दिवाळीच्या साफसफाईत त्यानं जुनी रजिस्टरं रद्दीवाल्याच्या तराजूत स्वतःच्या हातानं चढवली. ज्याला खरं काय ते पाहायचं असेल त्यानं पेटी पाहावी.

आणि पुण्याच्या सहकारी परिषदेत मांडायला साहेबांना एक नमुना हवा होता, तेव्हा सहाशे बारांतून चारशे सतरा निवडलं तेही शालिग्रामनंच. त्यात बाईचा काही संबंध नव्हता. त्या कार्डावर चारही टेबलांच्या नोंदी होत्या, एकही खाडाखोड नव्हती, आणि अक्षर बहुतेक त्याचंच होतं. इंजिन वरचेवर बिघडत होतं म्हणून कार्ड इतकं सुंदर भरलं होतं, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई परत आल्या. त्या दिवशी शालिग्राम भांडारात गेला.

भांडाराचा उकंडराव जाळीच्या खिडकीआड बसून पान लावत होता. नोझलं त्याच्या मागच्या फळीवर डब्यात होती. डबा खिडकीतूनही दिसत होता.

"उकंडराव, एक नोझल द्या. कार्ड आलं की पहिली नोंद तुमची."

उकंडरावानं चुना नीट पसरला. "कार्ड कोठी हाये?"

"साहेबांकडं. तुम्हाला माहीत आहे."

"मले तं लय काही माहीत हाये." उकंडरावानं पान दुमडलं. "मांगच्या साली मेहकरच्या मानसाले म्या बिना कार्डाचा पट्टा देला. पोटात पोरगं घेऊन बायको संगं आली होती त्याची. कोनं रिपोट केला माहा?"

शालिग्राम जाळीवरचा गंज नखानं खरवडू लागला.

"सगळ्या कचेरीपुढं माफी वाचाले लावली मले. उभं करून. तुमी तं पुढच्या खुर्चीवर होते." त्यानं पान तोंडात टाकलं आणि गालात सारत म्हणाला, "आता मी सुधरलो, शालिग्रामभाऊ. बिना कार्डाचं सामान माह्या हातून निंघत नाई. तुमीच सुधारलं."

बोलण्यात राग नव्हता. रागापेक्षा वाईट असं समाधान होतं.

त्या एका बनावटीचं नोझल जिल्ह्यात संघाखेरीज कोणाकडे मिळत नव्हतं, एजन्सी संघाचीच. शालिग्रामनं तरी खामगावच्या दोन दुकानांत माणूस धाडून पाहिला. रविवारी कडूबा मिस्त्री आपल्या सायकलीवर, कोणाला न सांगता उंद्रीला गेला. नोझल रॉकेलात धुतलं, घासलं, फुंकलं. इंजिन अर्धा तास चाललं. सोमवारी येऊन तो शालिग्रामच्या कानाशी म्हणाला, "टोक झिजलं त्याचं. आता ब्रह्मदेव घासत बसला तरी चालत नाई. अन् भाऊ, दोन वाफे भिजले, तं बाई असी खूश झाली, का मलेच कसंतरी झालं."

त्याच दिवशी शालिग्रामनं पोस्टात जाऊन पुण्याचा ट्रंककॉल लावला. अडीच तासांनी लाइन मिळाली. त्याच्या "हॅलो"च्या आत साहेबच सुरू झाले.

"शालिग्राम! अरे, काल काय टाळ्या पडल्या! एकानं विचारलं, कार्ड हरवलं तर दुसरं करता का? मी सांगितलं, आमच्याकडे दुसरं कार्ड होतच नाही. सातवा नियम! तुझं नाव घेतलं मी."

"साहेब, चारशे सतराचं इंजिन बंद पडलंय. बाई रोज चकरा..."

"काय?"

"इंजिन बंद आहे, साहेब! कार्ड पोस्टानं धाडता येईल का?"

"अरे, ते काचेत लावलंय प्रदर्शनात. समारोपापर्यंत हलवता येत नाही."

"मग मी काय करू?"

"तू कार्डावर नोंद करून ठेव ना," साहेब म्हणाले, आणि कॉलची तीन मिनिटं संपली.

शालिग्राम फोनचं नळकांडं हातात धरून उभा राहिला. मागचा माणूस म्हणाला, "झालं असंन तं सरका, बाबूजी."

*

सहाव्या दिवशी झुंबरबाईंनी एक झाड उपटून आणलं होतं. त्यांनी ते टेबलावर आडवं ठेवलं. पानांच्या कडा आत वळल्या होत्या, फुलं गळून देठ राहिले होते. पण खोड अजून हिरवं होतं. बाकावरचं कोणी त्या दिवशी हसलं नाही.

"अजून जीव हाये याच्यात," त्या म्हणाल्या. "म्हनून दाखवाले आनलं. तुमाले वाटंन बाई खोटं बोलते."

"मला तसं कधी वाटलं नाही."

"मंग काऊन देत नाई?"

यावर सातव्या नियमात उत्तर नव्हतं. पहिल्या सहांतही नव्हतं.

ती गेल्यावर शालिग्रामनं खण उघडला, कोरं कार्ड काढलं आणि वरच्या कोपऱ्यात चारशे सतरा लिहिलं. स्वतःचाच सातवा नियम तो मोडत होता. इंजिनाचा नंबर, विक्रीची तारीख, कोणत्या महिन्यात कोणतं सामान, कोणता मिस्त्री, सगळं तोंडपाठ होतं. रजिस्टरं रद्दीत गेली होती, कार्ड पुण्यात काचेत होतं, पण शालिग्रामचं डोकं कचेरीतच होतं. वीस मिनिटांत कार्ड भरलं. फक्त चार टेबलांच्या चार सह्या राहिल्या. पत्रव्यवहाराची सही त्याची स्वतःची, ती त्यानं केली. उरल्या तीन.

कार्ड घेऊन तो विक्रीच्या इंद्रभानकडे गेला. इंद्रभान भला माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि दोन बोटांनी, गरम भांडं सरकवावं तसं परत सरकवलं.

"साहेबांनी पुण्यात हजार लोकांपुढं सांगितलं, आमच्याकडं दुसरं कार्ड होत नाही. तूच सांगतलं ना मले?"

"हो."

"अन् मी इथी सही करू? मले तीन पोरी हायेत बे, शालिग्राम."

दुरुस्तीचे हेडक्लार्क म्हणाले, विक्रीची सही असेल तर माझी घ्या. भांडारात तो गेलाच नाही.

संध्याकाळी त्यानं नवं कार्ड खणात टाकलं आणि पेटी मोजली. सहाशे अकरा कार्डं, एक पट्टी. हिशेब बरोबर होता.

आठव्या दिवशी झुंबरबाई आल्या नाहीत. शालिग्राम दर गाडीच्या वेळी दाराकडे पाहत होता. नवव्या दिवशी आल्या नाहीत, दहाव्यालाही नाहीत. बाई आली की तिला काय सांगावं याचा त्याला रोज घोर असे. ती येईनाशी झाल्यावर मात्र त्याला जेवण जाईना.

*

साहेब ठरल्या दिवशी आले. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. कार्ड स्वच्छ कागदात गुंडाळलेलं होतं. मागच्या बाजूला परिषदेचा जांभळा शिक्का होता आणि वर कोणा बड्या माणसाच्या अक्षरात 'अनुकरणीय' असा शेरा. शालिग्रामनं लाल पट्टी काढली, कार्डावर बिघाडाची नोंद केली, आणि पाऊण तासात तीन टेबलांच्या सह्या झाल्या. उकंडरावानं नोझल पुढं केलं. या खेपेला त्यानं शालिग्रामच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं.

कडूबाबरोबर शालिग्राम स्वतः निघाला. त्याचं काम नव्हतं ते. नियमात कुठं बसतही नव्हतं. दुपारच्या गाडीनं दोघं उंद्रीला उतरले.

मळा लांबूनच कळला. आजूबाजूच्या हिरव्यात एक तुकडा तपकिरी होता. जवळ गेल्यावर झाडं उभीच होती, ओळीत, एकही पडलेलं नव्हतं. शालिग्रामनं एका पानाला हात लावला, तर ते पापडासारखं मोडून बोटांत आलं. विहिरीत पाहिलं तर दोन पुरुष पाणी होतं, स्वच्छ.

झुंबरबाई बांधावर काटक्या गोळा करत होत्या. दोघांना पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "आले का? बसा सावलीले. पानी देतो प्याले."

कडूबानं नोझल बसवलं. दुसऱ्या हँडलला इंजिन धडधडलं, पाइपातून पाणी हौदात पडलं, हौदातून पाटात आलं आणि सवयीनं वांग्याच्या सरीत शिरलं. झुंबरबाई फावडं घेऊन उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. सरीचं तोंड त्यांनी बदललं नाही.

"बाई, म्या लय..." शालिग्राम म्हणाला.

"माहीत हाये मले. तुमच्या हातात नव्हतं." त्या हे समजुतीनं म्हणाल्या, आणि शालिग्रामला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जायची वेळ झाली. कार्डाच्या तळाशी शेवटचा रकाना रिकामा होता: 'काम समाधानकारक झाले. मालकाची सही किंवा अंगठा.' कडूबानं तिकडे पाहिलं, मग शालिग्रामकडे पाहिलं. "राहू द्या ना भाऊ, आजच्या दिस."

शालिग्रामनं कार्ड पिशवीत घातलं.

"अंगठा पाह्यजे ना त्याच्यावर?" झुंबरबाईच म्हणाल्या. "दर बारीले घेता. काढा ते. उगा तुमचं अडन कचेरीत."

शालिग्रामनं पिशवी उघडलीच नाही. शेवटी कडूबानंच पिशवीतून शाईची डबी काढली आणि कार्ड गुडघ्यावर धरलं. झुंबरबाईंनी अंगठा शाईत बुडवला, "इथी का?" म्हणून विचारलं आणि रकान्याच्या बरोबर मधोमध, रेघेला न शिवता उमटवला.

मग त्या पाटाशी उकिडव्या बसल्या आणि वाहत्या पाण्यात मातीनं चोळून चोळून अंगठ्याची शाई धुऊ लागल्या. बारा दिवसांनी आलेल्या त्या पाण्याचा, त्या दीड एकरात, तेवढाच उपयोग झाला.