पितळेचा चुरा

बेलाची दोन रोपं पुन्हा गेली होती. देवकाबाई कमरेवर हात ठेवून मागच्या वाडीत उभ्या होत्या आणि पिशव्यांच्या जागी उरलेले ओले गोल बघत होत्या. गेल्या खेपेला अडुळसा गेला, त्याआधी बहावा. चोराला झाडांची चांगली पारख होती, एवढं मात्र कबूल करायला हवं.

भंडाऱ्यात देवकाबाईंना दोन गोष्टींमुळे ओळखत. एक म्हणजे नवऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान, आणि दुसरं म्हणजे त्यांनी स्वतः उभं केलेलं देशी झाड मंडळ. अंगणातली विलायती शोभेची झाडं काढा, आपल्या मातीतली लावा, एवढाच मंडळाचा आग्रह. रोपं देवकाबाईंच्या वाडीत वाढायची आणि दर महिन्याच्या बैठकीत बाया ती घरी न्यायच्या. एक पैसा द्यावा लागत नसे. मग जे हात पुढे केल्यावर मिळतं, ते कोणी चोरावं कशाला? या प्रश्नाने देवकाबाईंच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

"विकत असन कोणी," निर्मलाबाई म्हणाल्या. या शेजारच्या, मंडळाच्या पहिल्या सभासद आणि देवकाबाईंचे कान. "गुजरीच्या बाजारात मासोळीसंगं रोपंही खपत असतीन. मी नाव घेत नाही बाई कोणाचं."

नाव घ्यायची गरजच नव्हती. मंडळात मासोळी विकणारी एकच होती, ज्योत्सना.

ज्योत्सना नदीकडच्या ढिवर मोहल्ल्यातली. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती याच गल्लीतून हाका देत जायची. पावसाच्या आधी तिनेच भीत भीत विचारलं होतं, "काकू, मले घ्यान का मंडळात?" देवकाबाईंनी तिला मोठ्या मनाने घेतलं, आणि आपलं मन किती मोठं आहे हे चार जणींना सांगूनही झालं. बैठकीत ज्योत्सना सगळ्यांसमोर रोप मागायची, दोन्ही हातांनी घ्यायची आणि पुढच्या महिन्यात मान खाली घालून सांगायची, "बकरीनं खाल्लं, काकू." बाकीच्या बायांची झाडं म्हणे छातीला लागली होती. हिच्याच वाट्याला तेवढ्या बकऱ्या!

देवकाबाईंचा संशय एकदा बसला की बसला. ज्योत्सनाची टोपली त्यांना आता नको तेवढी मोठी दिसू लागली. ती वाडीजवळून गेली की त्या खिडकीत. ती हसून "काकू" म्हणाली, की हसली कशाला, हा नवा प्रश्न.

शेवटी त्यांनी एक युक्ती केली. दुकानामागच्या कारखान्यात भांड्यांना कानस मारली की पितळेचा बारीक चुरा पडतो. तो वाटीभर आणून त्यांनी वाडीतल्या पिशव्यांच्या मातीत चिमूट चिमूट मिसळला. ऊन पडलं की माती सोन्यासारखी चमकायची. आता रोप कुठेही जाऊ दे, माती बोलणार होती. वाटून द्यायची रोपं त्यांनी वेगळी ठेवली, त्यांना चुरा लावला नाही. आठवडाभरात चमकणाऱ्या रोपांतली अर्धी नाहीशी झाली. एवढ्या नुकसानीनंतरही देवकाबाई खूश होत्या.

पोळा झाल्यावरची बैठक. आज पहिल्यांदाच घरोघरी जाऊन बागा पाहायच्या होत्या. चहा झाला, चिवडा झाला, आणि देवकाबाईंनी घसा साफ केला.

"आपल्यातलंच कोणी माह्या वाडीवर हात मारून राहिलं. मी नाव घेत नाही. पण ज्याच्या डोक्यावर टोपली, त्याले लपवाले काय वेळ लागते?"

सगळ्यांच्या नजरा दाराबाहेर ठेवलेल्या टोपलीकडे गेल्या, मग ज्योत्सनाकडे. तिचा चेहरा उतरला. तिने कप खाली ठेवला.

"मंग पहिले माह्याच घरी चला, काकू."

सगळ्या जणी नदीकडे निघाल्या. ज्योत्सनाची वाडी म्हणजे घरामागचा कुंपण नसलेला तुकडा. एका बाजूला जाळी वाळत घातलेली, आणि जमिनीत ओळीने कुरतडलेले बुडखे. शेजारची बकरी तिथेच उभी राहून शेवटच्या आवळ्याचा पाला खात होती. देवकाबाईंनी वाकून वाकून माती पाहिली. कुठेच काही चमकलं नाही.

"आता निर्मलाबाईकडं," देवकाबाई जरा घाईने म्हणाल्या.

"आमच्याकडं पुढच्या खेपेले या ना," निर्मलाबाई म्हणाल्या. "पाहुणे येऊन राहिले."

कोणते पाहुणे? सकाळपर्यंत तर कोणी नव्हतं. देवकाबाईंचा संशय जागच्या जागी वळला आणि त्या सरळ निर्मलाबाईंच्या फाटकातून आत शिरल्या. भिंतीलगत बेल, अडुळसा, बहावा, सगळे ताठ उभे होते. आणि त्यांच्या शेजारी नुकत्याच लावलेल्या रोपांच्या बुडाशी दुपारच्या उन्हात पितळ लखलखत होतं.

"निर्मलाबाई! तुम्ही?"

निर्मलाबाई आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या आणि मग चक्क हसल्या. "अवं, चिडता काहून? मांगून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलं तं जगते. आमच्या घरी पहिल्यापासून असंच आहे."

"माह्याही घरी आहेत, मावशी, तुमच्या वाडीतले," तरुण हर्षा हळूच म्हणाली. मग आणखी एकीने कबूल केलं, मग तिसरीने. बैठकीत मिळालेली रोपं त्यांनी नणंदांना, जावांना वाटून टाकली होती आणि स्वतःसाठी मात्र रीतसर चोरली होती.

"अन् तुमचा बहावा कोठून आला, देवकाबाई?" निर्मलाबाईंनी विचारलं. "भावजयीच्या अंगणातून पदराखाली आणला नव्हता का? तुम्हीच सांगतलं होतं."

आणला होता. देवकाबाईंना हसू आवरेना. सगळ्या बाया पोट धरून हसल्या. हसता हसता देवकाबाईंचं लक्ष फाटकाकडे गेलं. ज्योत्सना तिथे उभी होती. ती हसत नव्हती.

"ही रीत मलेही ठाऊक होती, काकू," ती म्हणाली. "पण तुम्ही एकमेकीच्या वाडीतून नेलं तं रीत होते. मी नेलं तं चोरी होते. म्हून मी मांगत होती."

ती गेली. हसणं कुठल्या कुठे विरलं. देवकाबाईंना अंगावर कोणी गार पाणी ओतल्यासारखं झालं.

त्यानंतर गल्लीत ज्योत्सनाची हाक ऐकू आली नाही. ती पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागली होती. देवकाबाईंना घास गोड लागेना. एका सकाळी त्यांनी आपलं सगळ्यात लाडकं रोप उचललं. चारोळीचं. कितीतरी बिया वाया गेल्यावर एक उगवली होती, आणि तिच्याही मातीत पितळेचा चुरा होता. ते घेऊन त्या नदीकडे गेल्या.

"ज्योत्सना, माह्यं चुकलं. सगळ्यांसमोर बोलली मी, सगळ्यांसमोर माफी मांगीन. हे घे."

ज्योत्सनाने हात पुढे केला नाही. "राहू द्या, काकू. दिलेलं रोप आमच्याकडं जगत नाही."

देवकाबाई रोप घेऊन परत आल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, पण जिची मागायची ती आलीच नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी चारोळीचं रोप फाटकाशी, अगदी हाताला येईल असं ठेवलं आणि फाटकाची कडी काढून टाकली.

आता त्यांना निराळीच काळजी लागली. निर्मलाबाईंची नजर त्या रोपावर होती. जाता-येता त्या म्हणायच्या, "बाई बाई, काय पालवी फुटली हो!" देवकाबाई ओसरीवर बसून पहारा देऊ लागल्या. चोर येऊ नये म्हणून नव्हे, भलताच चोर येऊ नये म्हणून.

रोज सकाळी रोप जागेवर असायचं आणि रोज त्यांचा जीव खट्टू व्हायचा.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी त्या उठून पाहतात तो फाटकाशी ओला गोल. त्या तशाच निर्मलाबाईंच्या वाडीत घुसल्या. तिथे नव्हतं. हर्षाकडे नव्हतं. सगळ्या ओळखीच्या वाड्या पालथ्या घातल्या आणि धापा टाकत नदीकडे गेल्या.

ज्योत्सनाच्या वाडीला आता कुंपण होतं. जुन्या जाळ्या काठ्यांना ताणून बांधल्या होत्या. ज्योत्सना कोपऱ्यात पाणी घालत होती. देवकाबाई दिसताच ती उठली आणि पाठीमागचं काही दिसू नये अशी उभी राहिली.

"काय पाह्यता, काकू?"

देवकाबाईंनी मान लांब केली. तिच्या टाचेपाशी, ओल्या मातीत, उन्हाने काहीतरी पिवळं चमकलं.

"ते काय चमकून राहिलं?"

ज्योत्सनाने खाली पाहिलंही नाही. "मासोळीचं खवलं असन."

देवकाबाईंनी आयुष्यभर पितळ पाहिलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या, "खवलंच आहे."