टाचेचा ठोका

सकाळीच कर्स्टीने आजीला बजावून सांगितलं होतं, "आज कुणी नाचायला उठलं नाही ना, तर फिडल पेटीत आणि पेटी माळ्यावर. पुन्हा हात लावणार नाही मी."

"उठतील गं," एफी म्हणाली होती. "आपल्या गावची माणसं दाढ काढून आली तरी नाचतात."

आणि आता गावच्या हॉलमध्ये कर्स्टी स्टेजवर खुर्चीच्या अगदी कडेला बसून वाजवत होती, आणि नाचायची जागा धुतल्या ताटासारखी रिकामी होती. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या त्या किनाऱ्यावर गुरुवारची संध्याकाळ म्हणजे नाच. माणसं आलीही होती. पण भिंतीकडेच्या बाकांवर बसून चहात बिस्किटं बुडवत होती. कुणी यंदा सापळ्यांत आलेल्या शेवंडांबद्दल बोलत होतं. दोन बायका उठल्या, चार पावलं टाकून बघितली आणि गाडी बंद पडावी तशा थांबल्या.

एफी बाकावर पुढे सरकली. पोरीचे सूर तर स्वच्छ होते, गज कसा पाण्यावरच्या बगळ्यासारखा सरकत होता. मग बिघडलं कुठे?

"स्टेजवरचा गालिचा बघितलास का, एफी?" शेजारी हॉल कमिटीचा हेक्टर छाती फुगवून बसला होता. "परवाच घातला. पाय कसा बुडतो! मोठ्या हॉटेलात असतो तसला."

"गप बस जरा. ऐकू दे."

तिने डोळे मिटले. कर्स्टी वाजवत होती ती चाल लंबू ॲलेकची. एफी लहान होती तेव्हा हिवाळ्यात ॲलेक बर्फ तुडवत त्यांच्या स्वयंपाकघरात यायचा, कोट झटकायचा आणि चुलीपाशी बसून फिडल हनुवटीखाली धरायचा. मोठी माणसं नाचायची. पोरांना आतल्या खोलीत पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगावर निजवायची. ओल्या लोकरीचा वास, तंबाखूचा वास, आणि आईचं दारातून गुणगुणणं:

*ठक ठक टाच, दाराशी नाच,*
*नीज गं बाई, पांघर कोट पाच.*

भिंतीपलीकडचे सूर कधी पोचायचे, कधी हसण्यात बुडायचे. पोचायची ती ॲलेकची टाच. फळ्यांच्या जमिनीतून पलंगाच्या पायात, पायातून कोटांत, कोटांतून बरगड्यांत. तोच ठोका धरून एफी पुढे कणीक मळायला शिकली. त्याच ठोक्यावर तिने बाळंतकळा काढल्या. नवरा रॉडी गेल्यावर रिकाम्या घराचा जिना ती चढली, तोही त्याच ठोक्यावर.

एफीने खाडकन डोळे उघडले. कर्स्टीचा पाय वर जात होता, खाली येत होता. जोरात येत होता बिचारा! पण आवाज? कापसात मूठ मारावी तसा.

"हेक्टर! अरे तू पोरीची टाच बुडवलीस!"

"मी? मी काय केलं?"

"गालिचा घातलास ना रे, शहाण्या! ठोकाच नाही, तर उठतील कशाला?"

एफी हॉलच्या स्वयंपाकघरात शिरली. घरून आणलेला तिचा पाव मळायचा रुंद पाट तिथे होता, त्यावर ओटच्या पोळ्या रचलेल्या. तिने पाट सरळ तिरपा केला. पोळ्या टेबलावर घरंगळल्या.

"अगं, मांडल्या होत्या मी!" चहावाली बाई ओरडली.

"आता पसरल्या. खातील तशाच."

पाट काखेत मारून ती स्टेजवर चढली. कर्स्टी वाजवता वाजवताच पुटपुटली, "आजी, काय करतेस? लोक बघतायत."

"बघू दे. पाय उचल."

पाट पायाखाली सरकला. टाच आली.

ठक.

सगळ्या हॉलच्या पाठी ताठ झाल्या. ठक, ठक, ठक. चहाचे पेले बाकांखाली गेले. पहिलं कोण उठलं असेल? हेक्टर! गुडघ्याचं रडगाणं हिवाळाभर गाणारा हेक्टर जागेच्या मधोमध उभा राहिला, वरचं अंग खांबासारखं स्थिर आणि पाय गरम तव्यावरच्या लाह्यांसारखे. मग जोड्या उठल्या. कर्स्टी ओठ दाबून हसू आवरत होती, आणि आवरत नव्हतं.

"आजी, तू पण ये की खाली!" हेक्टर खालून ओरडला.

"आजी कुणाला म्हणतोस रे? माझ्याहून मोठा आहेस तू!" म्हणत एफी उतरली आणि नाचली.

सकाळी तिने पाट धुतला. मधोमध टाचेचा एक बारीक खळगा पडला होता. कर्स्टी ओशाळली. "घासून देऊ का गं? की नवीन आणू?"

"हात लावशील तर बघ." एफीने त्याच्यावर पीठ भुरभुरलं आणि कणकेचा गोळा टाकला. "फिडल काढ. मला पाव मळायचाय."