देवचाराच्या दगडावरची केळी

"गेल्या वर्सा माझ्या बागेत माकडां किती इली?" काशिनाथांनी विचारलं.

"एकय नाय," विराज अभिमानाने म्हणाला.

"मगे तुका ठेवू कित्याक?"

विजयदुर्गच्या रस्त्याला काशिनाथांची हापूसची बाग सगळ्यात मोठी होती, आणि आजूबाजूचे बागायतदार त्यांच्याकडे बघूनच आपले निर्णय घेत. आखातात माल जाईना, कॅनिंगवाल्यांनी दर पाडला, फवारणीचं औषध महागलं. आता जो तो खर्च कापायला बसला होता, आणि माकडं हाकणारा विराज सगळ्यांना आधी दिसत होता. काशिनाथांनी नको म्हटलं, की बाकीचेही म्हणणार. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्याने तीन वर्षं उभा केलेला धंदा या एकाच पडवीत मोडणार होता.

"मी होतंय म्हणान इली नाय, काका."

"नाय इली ती दाखव बघया माका," काशिनाथ हसले. "न इलेलां माकाड दाखवतंस?"

"देवचाराक दरवर्सा राखण देतास. त्येका कधी इचारलास, काय केलंस म्हणान?"

"तो एका नारळार आणि केळ्याच्या फणीर भागता. तू भागतंस?"

आतून काशिनाथांची थोरली बहीण, अक्का, चहा घेऊन आली. "झिला, ह्येचा काय मनार घेव नको. चाय घे." बागेच्या टोकाला, गडग्याला म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला लागून, बाग राखणाऱ्या देवचाराचा दगड होता. आंब्याची पहिली तोड लागण्याआधी तिथे राखण, म्हणजे नारळ-केळ्यांचा नैवेद्य, ठेवायचं काम अक्काचंच. विराजने दरवर्षी त्या नैवेद्यातलं केळं खाल्लं होतं.

त्याने चहा घेतला, पण तो खाली उतरला तो विचार पक्का करूनच. न आलेली माकडं दाखवता येत नाहीत. आलेली येतील.

माकडांच्या टोळीचा रस्ता त्याला पाठ होता. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावरच्या वडावर ती रात्र काढत आणि उजाडलं की गडग्यापर्यंत येत. तिथे विराज पाइपच्या बंदुकीचा बार काढी. कार्बाइड, पाणी, ठिणगी, आणि कान फाटेल असा आवाज. जागा तो रोज बदलत असे. एकाच ठिकाणचा आवाज माकडांच्या सवयीचा होतो आणि मग त्या आवाजाला काही किंमत राहत नाही, हे तो बागायतदारांना समजावून सांगत असे. 'एकही जीव न मारता' असं त्याच्या कार्डावर छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बार काढला नाही. देवचाराच्या दगडावर केळी ठेवली आणि गडग्याआड बसून राहिला. टोळीचा म्होरक्या, डावा कान चिरलेला कानफाट्या, बराच वेळ फांदीवरून बघत होता. मग उतरला. त्याच्यामागून बाकीची. आठवडाभरात तर विराजची चाहूल लागली की पिल्लं झाडावरून खाली येऊ लागली. हे किती लवकर शिकतात, याचं त्याला अभ्यासकासारखं कौतुक वाटलं. आपण काय शिकवतोय, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

ज्या दिवशी त्याने केळी नेली नाहीत, त्या दिवशी टोळी गडगा ओलांडून बागेत शिरली.

त्याला हवं होतं तेच झालं. तयार होत आलेले आंबे तडातडा तुटत होते, एक चावा घेतला की खाली फेकले जात होते, फांद्या पायांखाली मोडत होत्या. आता काकांचा फोन येईल, असं मनात म्हणत विराज पाइप मांडीवर घेऊन बसला. आणखी चार झाडं होऊ देत, मग उठू.

तेवढ्यात झाडांमधून अक्का येताना दिसली. हातात ताट. ताटात नारळ, केळ्यांची फणी आणि नारळ फोडायला कोयता.

आज राखण होती.

"अक्का, माघारी जा!" तो ओरडला. ती थांबली, आवाजाच्या दिशेने वळली आणि हसली. कानफाट्या तिच्या खांद्यावर पडला तेव्हाही ते हसू तोंडावर होतं. ताट उडालं, ती खाली बसली. केळी तिने छातीशी धरली होती, ती सोडायचं तिला सुचलं नाही. माकडाने तिच्या मनगटात सुळे रोवले आणि मान झटकली. कातडं सोललं गेलं, आत पांढरं काहीतरी दिसलं. टोळीतली एक मादी तिच्या केसांना लोंबकळत होती. अक्काची किंकाळी संपून नुसता घोगरा श्वास उरला.

विराजने धावत येऊन बार काढला. गडगा हादरला. धूर निवळला तेव्हा टोळीतली सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली होती. एकही माकड पळालं नव्हतं. दोन पिल्लं तर हात पुढे करून त्याच्याकडेच येत होती.

त्याने पाइप कानफाट्याच्या पाठीत घातला. पाइप फुटला. माकड मनगट सोडेना. विराजच्या हाताला गवतातला कोयता लागला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेत. गरम रक्त त्याच्या डोळ्यांत गेलं. तीन वर्षं दुर्बिणीतून ओळखीचा झालेला चेहरा त्याच्याकडे बघत, दात विचकत, अक्काच्या मांडीवर कोसळला. तरीही विराज घाव घालतच राहिला.

मागून, बार ऐकून धावत आलेल्या काशिनाथांची खरी बंदूक वाजली. एक मादी फांद्यांवर आपटत खाली आली. टोळी पांगली.

इस्पितळात अक्काच्या जखमेभोवती सुया टोचल्या जात होत्या. बोटं हलतील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. बाहेरच्या बाकावर काशिनाथ विराजचा रक्ताळलेला हात दोन्ही हातांत धरून बसले.

"तू होतंस म्हणान वाचली ती. माझीच मती फिरली. उद्यापासून येतंस मा?"

विराजने होकाराची मान हलवली. संध्याकाळपर्यंत चार बागायतदारांचे फोन येऊन गेले. कुणीच दराची घासाघीस केली नाही.

सकाळी नवा पाइप घेऊन तो गडग्याशी पोचला तेव्हा काशिनाथ बंदूक घेऊन आधीच उभे होते. दगडावरचं रक्त काळं पडलं होतं, मुंग्या लागल्या होत्या.

"खंय बसतत ती तेवढां दाखव. गोळी मी घालतंय."

वर पानं हलली. एक पिल्लू खोडावरून उतरलं आणि सरळ विराजकडे चालत आलं. त्याने बार काढला. पिल्लू दचकलं, बसलं, पुन्हा उठून आलं. विजार धरून उभं राहिलं आणि त्याच्या डाव्या मुठीचं एकेक बोट उघडू लागलं.

काशिनाथ बघत होते.

"चल, हट!" विराज किंचाळला. पिल्लू हलेना. त्याने पाइप उचलला आणि मारला. पिल्लू लोळत गेलं, उठलं, एक पाय ओढत पुन्हा त्याच्याचकडे आलं. त्याने परत पाइप उचलला.

"पुरे."

काशिनाथ वाकले. दगडामागच्या पाचोळ्यातून त्यांनी एक वाळून काळी पडलेली केळ्याची साल उचलली. मग दुसरी. खाली आणखी होत्या.

"केळां खंयसून हाडलंस?"

विराजच्या खिशात फोन थरथरत होता.

"अक्का काल रातभर एकच इचारी होती, ती माझ्याच आंगार कशी इली म्हणान." काशिनाथांनी साली खिशात घातल्या आणि बंदुकीच्या नळीने वाट दाखवली. "चल. तूच सांग तिका."

विराज पुढे निघाला. बंदूक त्याच्या पाठीमागे होती, आणि तिच्याही मागून ते पिल्लू लंगडत येत होतं.