सरळ खेचायची रायफल

अबू धाबीच्या शिकार-प्रदर्शनात आमच्या स्टॉलवरच्या नव्या रायफलींचं ट्रेनिंग मी घेतलं होतं. तरी गिऱ्हाईक आलं की मॅनेजर चारुदत्त मला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायला पिटाळायचा.

"शुभ्रा, यल्ला, कॉफी!" तो खेकसला आणि नवी रायफल हातात धरून समोरच्या अरब म्हाताऱ्याला हिंदीत ऐकवू लागला, "हँडल उठाना नहीं. सिर्फ खींचो, ढकेलो, खलास!"

"आणि रेती गेली तर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"इन्शाल्ला, कुछ नहीं होगा."

माझं डोकं सटकलं. किटली आपटून मी ती रिकामी रायफल चारुदत्तच्या हातातून काढून घेतली आणि हिंदीतच सांगितलं, "होईल ना! वाळूने काडतूस अडकलं, तर जुन्या रायफलीत हँडल वर उचलतानाच ते सैल होतं. हिच्यात नुसता हाताचा जोर. वर किंमत दुप्पट."

"उद्यापासून येऊ नकोस," चारुदत्त मराठीत गुरगुरला.

म्हातारा हसला. "म्हणजे हिच्यात चांगलं काहीच नाही?"

"आहे की." मी हँडल धरून बोल्ट सरळ मागे खेचला, पुढे ढकलला. "दुसरी गोळी भरताना समोरच्यावरची नजर हलवावी लागत नाही."

हे सांगताना मी चारुदत्तकडेच बघत होते.