उद्या टॅप

सासूच्या खाटेला अडकवलेल्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी खरडलं होतं. सहावीपर्यंत शिकलेल्या दाक्षायणीनं अक्षरं जुळवली : 'उद्या टॅप.'

"सकाळी नऊला. घरच्या माणसाची सही लागेल," एवढं सांगून नर्स पुढच्या खाटेकडं गेली.

नवरा बसवराज तूर खरेदीला बार्शीला गेलेला. सासू अक्कम्मा, तिची अत्ती, आठ दिवस धापा टाकत होती. टॅप म्हणजे नळ, हे दाक्षायणीला ठाऊक होतं. पण माणसाला नळ?

शुक्रवार पेठेत परतल्यावर घरी न जाता ती शिवशरण मास्तरांकडं गेली. मास्तर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी जाडजूड शब्दकोश उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, हे दोन वेगळे शब्द आहेत! एक फ्रेंचांकडनं आला, म्हणजे हलकी थाप. दुसरा जुन्या इंग्रजीतला, पिंपाला मारायचं लाकडी बूच. त्यावरनं नळ आला. ताडाला खाच पाडून ताडी काढतात, तेही टॅपच की!"

दाक्षायणी उठून उभी राहिली. "अत्तींच्या अंगाला खाच पाडणार व्हय?"

मास्तरांनी ओशाळून चष्मा काढला. "पोरी, डॉक्टरच्या मनातला अर्थ पुस्तकात कसा सापडंल? त्यालाच विचार."

डॉक्टरला विचारायचं! आजवर तिनं डॉक्टरांसमोर तोंडही उघडलं नव्हतं.

सकाळी नर्सनं पेन पुढं केलं. दाक्षायणीनं ते घेतलं, पण सही केली नाही. "आधी सांगा. टॅप म्हंजे काय करणार?"

नर्स चिडली. पण तरुण डॉक्टर थांबले. अक्कम्माच्या पाठीवर त्यांनी बोटानं टकटक केलं. वर पोकळ आवाज आला, खाली बद्द.

"इथून खाली पाणी साठलंय. फुफ्फुसाच्या भोवती. सुईनं काढायचं. चिरायचं नाही."

तिनं सही केली. शेवटची 'णी' ओळीखाली घसरली.

बाहेर बाकावर ती पदर तोंडात धरून बसली. आतून अक्कम्माची "अव्वाऽ!" अशी किंकाळी आली, तशी ती ताडकन उठली, दारापाशी जाऊन परत फिरली. अर्ध्या तासानं नर्स पिवळसर पाण्यानं भरलेली बाटली घेऊन बाहेर आली.

अक्कम्मा उशीला टेकून बसली होती. श्वास संथ झाला होता. "बसवा आला का गं? लई भूक लागलीया."

दाक्षायणीला रडू फुटलं. डोळे पुसत तिनं डॉक्टरांना गाठलं. "आता परत न्हाय ना भरणार?"

"भरलं तर परत काढू."

"किती येळा?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. दाक्षायणी खाटेशी येऊन बसली आणि सासूला भाकरीचे घास भरवू लागली. तिची नजर मात्र अक्कम्माच्या छातीवरून हलत नव्हती.