करीमची ओळ

हिवाळ्यातली कोवळी उन्हं रिसोडच्या पिंजारी गल्लीत उतरत, तेव्हा कापसाचे सूक्ष्म तंतू त्या प्रकाशात अलगद तरंगत असत, आणि कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातीतून उठणाऱ्या घनगंभीर नादावर स्वर ठेवून करीम गात असे. त्याचे खांदे त्या लयीत डोलत. भुवया, पापण्या, कोवळी दाढी सगळं पांढरं झालेलं. ऐन विशीत तो आजोबा दिसायचा. मी तसं चिडवलं की तो हसायचा, खोकायचा आणि पुन्हा गायचा.

तो खोकलाच त्याचा वैरी होता. स्वातंत्र्याच्या आधीची ती वर्षं. आम्ही दोघं लग्नाच्या बँडमध्ये होतो. मी क्लॅरिनेट वाजवायचो, तो गायचा. तेव्हा भोंगे नव्हते. ढोल, पितळी कर्णे आणि माझं क्लॅरिनेट एकदम गर्जत, आणि त्या कल्लोळावर गायकानं आपला आवाज चढवायचा, अशी रीतच होती. करीमचा स्वर मधुर, पण कापसाची धूळ खाल्लेला. वर चढवला की चिरायचा. एका वरातीत तो असा चिरला की वऱ्हाडी मंडळी पोट धरून हसली.

"करीम, हे तुह्या गळ्याचं काम नाही," बँडचे मास्तर म्हणाले. "आता झांज घे हाती."

"एक लगन द्या मले, मास्तर. नाही जमलं तं झांजही नोको अन् बँडही नोको."

त्यानंतर नाकातोंडाला ओलं फडकं बांधून तो कापूस पिंजू लागला, आणि फडक्याआड गुणगुणणं चालूच राहिलं. एकदा धनुकली खाली ठेवून तो मला म्हणाला, "तू माह्यासंगंच वाजवून राह्यला, म्हून मले ओरडा लागते. माही ओळ सरू दे, मंग फुक."

"बँड मधातच थांबला तं लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

मला भीती वाटली. त्याला वाटत नव्हती, किंवा वाटत असली तरी त्यानं ती फडक्याआड बांधून ठेवली होती.

मास्तरांनी दिलेलं ते एक लग्न रिठद गावचं. फाल्गुनातल्या कलत्या उन्हात वरात मांडवाशी पोचली, तेव्हा त्यानं हात वर केला. मी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. ते पाहून बाकीचेही थबकले. मास्तरांनी डोळे वटारले. त्या अकस्मात शांततेत, घरी काम करता करता गावं तशा सहज, किंचित खरखरीत, उबदार स्वरात करीमनं एक ओळ म्हटली. मांडवाच्या दारातल्या बायका बोलायच्या थांबल्या. त्याचा हात खाली आला आणि आम्ही सगळ्यांनी तीच ओळ वाद्यांवर उचलली. पुढच्या ओळीला बँड थांबवायला हात वर झाला, तो मास्तरांचा होता.

मग वर्षानुवर्षं आम्ही तसेच वाजवत राहिलो. करीमचा गळा पिकत गेला, त्यातली खरखर लोकांना आवडू लागली. कापूस मात्र त्यानं सोडला नाही.

आता करीम नाही. नव्या पोरांसोबत मी अजून कधीमधी वाजवतो, आणि प्रत्येक कडव्याआधी त्याच्या ओळीपुरता थांबतो. म्हाताऱ्याचा दम पुरत नाही, असं पोरं आपसांत म्हणतात. म्हणोत. काळानं माणूस नेला, त्याची जागा नेली नाही. आणि ती मी माझ्या श्वासानंही भरत नाही.