खालच्या ओठावरचं ऊन

"तंबाखू न्हाई खात मी," रोहिदास म्हणाला.

"खोटं बोलत्यात, डॉक्टर," जयमाला उसळली. "रोज खिसे चाचपती मी यांचे. पुडी कुठं लपवत्यात, देव जाणे."

डॉक्टरीणबाईंनी रोहिदासचा खालचा ओठ त्याच्या बायकोसमोर उलटा केला. पांढुरका, भेगाळलेला, कड पुसून गेलेली.

"ओठाचा तुकडा तपासलाय. कॅन्सर नाही. अजून नाही. सोडून दिलं तर होऊ शकतो. आणि हे तंबाखूचं नाही, उन्हाचं आहे."

"उनानं व्हट सडतोय व्हय? मग समद्या चाकणला झालं असतं की!"

"होतं काहींना. इथे येत नाहीत ते."



रोहिदास चाकणला नव्या गाड्यांच्या यार्डात कामाला. दिवसभर डांबरावर उभं राहायचं, शिट्टी फुंकायची, गाड्या रांगेत लावून घ्यायच्या. रंग उडू नये म्हणून गाडीच्या टपाला पांढरी फिल्म चिकटवतात. माणसाला टोपी देतात, तीही कंपनीची जाहिरात म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी सुई देऊन त्याचा ओठ बधिर केला आणि लेझरनं वरची कातडी जाळली. आपलंच मांस जळताना कसा वास येतो, ते त्याला त्या दिवशी कळलं. बाहेर येताच जयमालानं तो लालभडक ओठ पाहिला आणि भिंतीला टेकली.

"इतकी वर्सं रोज तोंडाचा वास घेत व्हते मी तुमच्या," ती म्हणाली.

ओठ जरा भरून आल्यावर तो कामावर गेला. सुपरवायझर रणजीत याच डांबरावर उभा राहून वर चढलेला.

"लेझर? ओठाला? हिरो झालास की राव! लिपस्टिक कुठली?"

"भाऊ, डॉक्टरनी उन्हात उभं राहू नको म्हणलंय. शेडमधी काम द्या."

"शेड एक्स्पोर्टच्या गाड्यांना आहे, भावा. रुमाल बांध आणि हो उभा."

रोहिदासनं शेजारच्या कोऱ्या गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि दार ओढून घेतलं.

"उतर! नोकरी जाईल भडव्या!" रणजीत काचेवर थापा मारू लागला. मागे गाड्यांची रांग हॉर्न बडवत थांबली.

ओरडणारं ते तोंड काचेला अगदी लागलं होतं. रोहिदासनं इतक्या जवळून ते कधी पाहिलं नव्हतं. खालचा ओठ भेगाळलेला. एका बाजूला पांढुरका, कड पुसून गेलेली.

हात लांबवून त्यानं पलीकडचं दार उघडलं.

"भाऊ," तो म्हणाला, "आत बसा."